सीताफळाला 'सुपरफ्रूट' म्हणायचं का, अन् डब्यावर काय लिहायचं?



आजचा मेसेज लांबलचक आहे. हवामानाचा अन् बाजारभावाचा नेहमीचा मेसेज सकाळीच गेलाय, हा वेगळा. सोयाबीनच्या काढणीतून घरी आल्यावर, हातपाय धुऊन, चहा घेताना निवांत वाचा. चष्मा सापडत नसेल तर शाळेतल्या लेकराला मोठ्यानं वाचायला सांगा, म्हणजे घरात सगळ्यांच्याच कानावर पडेल.

विषय आहे सीताफळ. बांधावरचं, माळावरचं, आपण ज्याला कधी पीक म्हणून मोजलंच नाही ते. आता त्याचे दिवस आहेत. येडशीच्या फाट्यावर पाट्या लागल्यात, हायवेवरच्या गाड्या थांबतात, अन् रामलिंगाच्या दर्शनाला आलेली माणसं जाताना दोन-दोन किलो घेऊन जातात. नवरात्राच्या उपासाला चालतं, म्हणून मागणीही चांगली आहे.

पण हा मेसेज लिहायला बसलो त्याला कारणं दोन. पहिलं असं, की आपल्याच ग्रुपवर पंधरा दिवसांत तीन वेळा एक फॉरवर्ड फिरला. सीताफळाचा पाला उकळून प्या, शुगर मुळापासून जाते, कॅन्सर मरतो, मोठ्या दवाखान्यातलं औषधही याच्यापुढं फिकं. खाली हात जोडलेले, वर 'सर्वांना पाठवा'. एका सभासदाच्या घरी आजींनी ते ऐकून शुगरची गोळी बंद केली अन् सकाळ-संध्याकाळ पाल्याचा काढा सुरू केला. बाराव्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात साखर तपासली तर साडेचारशेच्या वर. आता बऱ्या आहेत, घरी आल्यात. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही.

दुसरं कारण आपल्या कंपनीचं. यंदा आपण सीताफळ डब्यात भरून पुण्याला पाठवायचं ठरवलंय. डब्याचा नमुना छापायला जायच्या आधी दोन-तीन जणांनी सुचवलं, की वर मोठ्या अक्षरात लिहा, 'सुपरफ्रूट! मधुमेह व कर्करोगावर गुणकारी'. माल लगेच उठेल म्हणाले. उठेलही. पण तसं लिहिता येणार नाही. का येणार नाही, अन् मग काय लिहिता येईल, ते सांगतो.

*नाव सीतेचं, गाव सातासमुद्रापलीकडचं*

रामलिंग आपल्या उशाशी, जटायूची कथा आपल्या घाटातली, त्यामुळं सीताफळ रामायणापासूनचं असं आपल्याला वाटणं साहजिक आहे. सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ अशी सगळी भावकीच त्या नावांची. पण झाडाचं मूळ घर अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातलं अन् तिकडच्या बेटांवरचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ते आपल्याकडं आलं असं मानतात. मिरची, शेंगदाणा, पेरू, पपई हे सगळे त्याच वाटेनं आलेले पाहुणे. यातला कुठला पाहुणा आज परका वाटतो? शेंगदाण्याच्या चटणीशिवाय आपली भाकरी खाली उतरत नाही.

बालाघाटाच्या डोंगरात मात्र सीताफळ असं रुजलं की जणू इथंच जन्मलं. मुरमाड माती, उताराची जमीन, उन्हाळ्यात पाणी नाही. त्याला हेच मानवतं. उन्हाळ्यात पानं टाकून गप उभं राहतं, पावसाच्या सरी आल्या की फुटतं. शेळी, गाय पानाला तोंड लावत नाही, म्हणून राखण नको. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेलं माणूस घरात असेल तर त्यांना विचारा, तेव्हा डोंगरातलं काय काय खाल्लं. आमच्यापेक्षा त्यांच्याकडं जास्त माहिती निघेल.

शेजारच्या बीड जिल्ह्यानं याचं सोनं केलं. 'बीड सीताफळ' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, 'धारूर-६' ही जात तिथली. अन् इकडं बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे या शेतकऱ्यानं स्वतःच्या बागेत निवड करत करत 'एनएमके-१ गोल्डन' ही जात काढली, ती आज राज्याबाहेरही लागते. डोंगर तोच, माती तीच. आपण मात्र अजून पाटीवरच विकतोय.

*'सुपरफ्रूट' म्हणजे काय?*

खरं सांगायचं तर काही नाही. हा शब्द शास्त्राचा नाही, बाजाराचा आहे. अमुक इतकं जीवनसत्त्व असलं की फळ 'सुपर' होतं, असं कुठल्याही आहारशास्त्राच्या पुस्तकात मोजमाप दिलेलं नाही. परदेशातनं आलेलं, रंगाला झगझगीत अन् भावाला जड असलं की त्याला हा शब्द चिकटतो. ड्रॅगन फ्रूटला चिकटला, ॲव्होकाडोला चिकटला. आपला पेरू अन् आवळा क जीवनसत्त्वात या दोघांच्या कितीतरी पुढं आहेत, पण त्यांना कोणी सुपर म्हणत नाही, कारण ते स्वस्त आहेत.

मग सीताफळात नेमकं आहे तरी काय? शंभर ग्रॅम गर धरा. अडीचशे ग्रॅमच्या चांगल्या फळातून, साल अन् बिया जाऊन, साधारण तेवढाच निघतो. त्यातून सुमारे ९४ कॅलरी मिळतात, म्हणजे केळाइतक्याच. तंतू म्हणजे चोथा ४.४ ग्रॅम, केळापेक्षा बराच जास्त. ज्यांचं पोट साफ होत नाही त्यांना याचा खरोखर उपयोग होतो. क जीवनसत्त्व सुमारे ३६ मिलिग्रॅम. मोठ्या बाईमाणसाला दिवसाला ६५ अन् गड्याला ८० मिलिग्रॅम लागतं असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं २०२० चं मोजमाप सांगतं. म्हणजे एका फळात दिवसाचं जवळपास निम्मं भागतं. पोटॅशियम २४७ मिलिग्रॅम, थोडं मॅग्नेशियम, अन् बी-६ जीवनसत्त्व फळांच्या मानानं चांगलं. प्रथिनं दोन ग्रॅमच्या आसपास, फळाला तीही कमी नाहीत.

आता साखर. गरातली बरीचशी पिष्टमय पदार्थांची बेरीज साखरेचीच आहे, शंभर ग्रॅमला २३-२४ ग्रॅम. चहाच्या चमच्यानं मोजली तर सहा चमच्यांच्या आसपास. तोडणीला आलेल्या माणसाला, शाळेतनं भुकेल्या पोटी आलेल्या पोराला, तब्येतीनं उतरलेल्या म्हाताऱ्याला ही साखर चांगलीच. बिस्किटाच्या पुड्यापेक्षा तर हजारपटीनं चांगली. शुगर असलेल्या माणसानं मात्र हात आवरून खायचं. एका वेळी लहानसं फळ किंवा मोठ्यातलं अर्धं, तेही जेवणावर लगेच नाही. बासुंदी, रबडी, आइस्क्रीम, मिल्कशेक या रूपात तर नकोच, त्यात वरनं आणखी साखर पडते. खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा साखर तपासून बघा, म्हणजे आपल्या अंगाला किती सोसतं ते कळेल. अन् किडनीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. पोटॅशियम त्यांच्या अंगातून नीट बाहेर पडत नाही.

*रक्त वाढतं का?*

हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत दोन ताईंनी विचारला, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपल्या राज्यात रक्त कमी असण्याचा प्रश्न मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अन् पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के लेकरांना रक्तक्षय निघाला. म्हणजे दर दोन बायकांतली एक. सोयाबीनच्या शेतात दिवसभर वाकून काम करणारी बाई संध्याकाळी धाप लागून बसते, तेव्हा तो नुसता थकवा नसतो.

सीताफळात लोह आहे, पण किरकोळ, शंभर ग्रॅमला अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. एकट्या त्याच्यावर रक्त वाढणार नाही. बाजरीत शंभर ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, हरभऱ्यातही भरपूर. अडचण अशी, की धान्यातलं अन् पालेभाजीतलं लोह अंगाला फार कमी लागतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व पोटात गेलं की ते जास्त लागतं. इथं सीताफळाचा खरा उपयोग आहे. बाजरीची भाकरी, हरभऱ्याचं कालवण अन् त्याच जेवणाशेवटी एक सीताफळ. सीताफळ नसेल तर भाकरीवर लिंबू पिळा किंवा पेरू खा, तेही तितकंच चालतं, उलट पेरू जास्त चालतो. अन् जेवणावर लगेच चहा नको, चहा लोहाला अडवतो. तासभर थांबा. ज्यांना आरोग्य केंद्रातनं लोहाच्या गोळ्या मिळाल्यात त्यांनी त्या बंद करायच्या नाहीत. फळ गोळीच्या जोडीला घ्यायचं, गोळीच्या जागी घ्यायचं नाही.

*पाला अन् बिया: इथं मात्र सांभाळा*

फॉरवर्डमध्ये जे लिहिलंय त्याच्या मुळाशी थोडं खरं आहे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं. सीताफळाच्या बियांत अन् पानांत अ‍ॅसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात. ती पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतात. म्हणूनच बियांच्या भुकटीनं उवा मरतात, अन् म्हणूनच आपण दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला टाकतो. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशीही त्यानं मरतात, हे खरं. पण बशीतल्या पेशी फिनाइलनंही मरतात. म्हणून फिनाइल कोणी पीत नाही. जे द्रव्य आजारी पेशीला मारतं ते चांगल्या पेशीलाही मारत असेल तर त्याचं औषध होत नाही. पाल्याच्या अर्कानं मधुमेही उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोगही झालेत. उंदरांची. तिथून माणसाच्या गोळीपर्यंतचा रस्ता लांब असतो, अन् तो अजून कोणी पूर्ण चाललेलं नाही.

याच भावकीतल्या लक्ष्मणफळाची एक गोष्ट ऐका. कॅरिबियन समुद्रात ग्वादेलूप नावाचं बेट आहे. तिथं कंपवातासारखा, पण नेहमीच्या औषधाला दाद न देणारा आजार बऱ्याच जणांत दिसला. १९९९ साली तिथल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की हे रुग्ण लक्ष्मणफळ अन् त्याच्या पाल्याचा काढा नेहमी घेत आले होते. तो संबंध पक्का सिद्ध झालाय असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, पण रोज उठून पाल्याचा काढा पिऊ नये एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही. आपण ऋतूत सीताफळाचा गर खातो, त्याची काळजी करू नका. गोष्ट काढ्याची आहे.

बियांचं तर कानाला खडा लावून ऐका. भुकटी करून लेकरांच्या डोक्याला लावायची जुनी पद्धत आपल्याकडं आहे. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, प्रचंड आग होते, दिसणं अंधुक होतं. डोळ्याच्या डॉक्टरांकडं असे रुग्ण येतात. उवांसाठी मेडिकलमध्ये औषध मिळतं, ते आणा. चुकून भुकटी डोळ्यात गेलीच तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवा अन् लगेच डॉक्टर गाठा. फळ खाताना एखादी अख्खी बी गिळली गेली तर घाबरू नका, ती तशीच बाहेर पडते, चावायची मात्र नाही. लहान लेकराला बिया काढूनच गर भरवा, बी घशात अडकायला वेळ लागत नाही.

अन् कॅन्सरबद्दल एक गोष्ट, जी फॉरवर्ड करण्यासारखी आहे पण कोणी करत नाही. बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, आपल्याकडची माणसं तिथं जातात हे तुम्हाला माहीत आहे. पण देशातली खेड्यांतल्या कॅन्सरची पहिली नोंदवही १९८७ साली याच भागात सुरू झाली, बार्शी, परांडा अन् भूमच्या गावांत. पुढं १९९९ पासून आपल्याच जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. ज्या गावांत बायकांची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या मानानं, जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते निकाल छापून आले अन् जगभरचे डॉक्टर तेव्हापासून आपल्या जिल्ह्याचा दाखला देतात. त्या तपासणीला गेलेल्या बायका तुमच्या-आमच्या घरातल्याच, कोणाची आई, कोणाची मावशी. पाल्याच्या काढ्यानं एक जीव वाचल्याची नोंद नाही. तपासणीनं वाचल्याची आहे, अन् ती आपल्या शिवारातली आहे. घरातल्या तिशीच्या पुढच्या बाईची तपासणी राहिली असेल तर सुगी झाल्यावर घेऊन जा.

*डब्यावर काय छापायचं*

आता कंपनीचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात अन् दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आहेत. खाण्याच्या मालावर 'हा आजार बरा करतो' असं छापता येत नाही. छापलं तर दंड कंपनीला, अन् कंपनी म्हणजे आपण सगळे. 'बीड सीताफळ' असंही छापता येणार नाही, ते मानांकन त्यांच्या जिल्ह्याच्या मालाला आहे. ओळखीच्या व्यापाऱ्यानं सांगितलं तरी नाही. दुसऱ्याच्या नावावर आपला माल विकणं म्हणजे दुसऱ्याच्या बैलानं शर्यत जिंकणं.

छापता येईल ते असं: येडशी परिसर, बालाघाट, जिल्हा धाराशिव. तोडणीची तारीख. कोणत्या दिवशी खायला तयार होईल. कार्बाइड न वापरता पिकवलेलं. पुण्यातल्या गिऱ्हाइकाची खरी अडचण कॅन्सर नाही, खरी अडचण ही आहे की फळ घरी नेलं की एकतर दगडासारखं राहतं नाहीतर रात्रीत काळं पडतं. कधी खायचं ते डब्यावर लिहिलं, अन् ते खरं निघालं, तर तेच गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात पुन्हा मागेल.

पण ते खरं निघायला तोडणी नीट पाहिजे. डोळे उघडल्याशिवाय फळ तोडू नका. दोन डोळ्यांमधली चीर रुंद होऊन तिथं पिवळसर-पांढरी झाक आली की फळ तयार. ते तीन-चार दिवसांत पिकतं. घाईनं तोडलेलं कोवळं फळ मऊ पडलं तरी गोड होत नाही, अन् एका डब्यात अशी दोन फळं निघाली तर बाकीच्या दहाचं नाव जातं. सकाळी ऊन चढायच्या आत, देठाचा छोटा तुकडा ठेवून, कात्रीनं कापा. झाड हलवून पाडलेलं फळ डब्यात घालू नका, ते घरी खा. क्रेटमध्ये एकच थर, खाली कागद. फ्रिजमध्ये कच्चं फळ ठेवू नका, गार लागलं की साल काळी पडते अन् आतून पिकत नाही. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर फळ बाजूला काढा, डब्यात एकाचं दहाला होतं. अन् तोडणी जवळ आलेली असताना फवारणी करायची नाही, म्हणजे नाही.

एक इशारा. अभयारण्याच्या हद्दीतलं फळ आणायचं नाही. वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, अन् ते फळ जंगलातल्या जनावरांचं, पाखरांचं आहे. संकलनाला माल घेताना गट नंबर विचारला जाईल, राग मानू नका.

जास्त पिकलेलं उरलं तर गर काढा. पण त्याला शिजवायला जाऊ नका. सीताफळाचा गर तापला की कडू होतो, म्हणून त्याचा आंब्यासारखा आटवून वडीचा प्रकार जमत नाही. बासुंदीतही दूध थंड झाल्यावरच गर घालतात ते याचमुळं. बिया हातानं काढा, मिक्सर फिरवू नका, बी फुटली की गर वाया. वाटीला चमचाभर साखर अन् थोडा लिंबाचा रस घालून हवा काढलेल्या पिशवीत डीप फ्रीजरमध्ये टाका. हवा लागली की गर तपकिरी पडतो. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात थोडे दिवस टिकतो, वर्षभर टिकवायचा तर उणे १८ अंश लागतात. तशा मोठ्या फ्रीजरचा विचार संचालक मंडळ करतंय, पण आधी यंदाचे डबे खपू देत.

संकलन मंगळवार अन् शुक्रवार, सकाळी सात ते दहा, गोदामावर. डब्याच्या मजकुराचा नमुना उद्या ग्रुपवर टाकतो. वाचून कोणाला काही चुकीचं किंवा जास्तीचं वाटलं तर रविवारपर्यंत कळवा, सोमवारी छापायला जातंय. अन् तो पाल्याचा फॉरवर्ड आला तर पुढं पाठवू नका, त्याच्याखाली हा मेसेज टाका. ज्या आजींचं वर सांगितलं त्यांनी दवाखान्यातनं आल्यावर पहिलं काय मागितलं असेल? सीताफळच. सुनेनं अर्धं दिलं, अर्धं झाकून ठेवलं.